गाळ्यांवरचा फ्लॅट विकून दीड गुंठ्यातलं बैठं घर घ्यावं का? (सांगली)

गावभाग_तिसरा_मजला:
नमस्कार. खाली सहा गाळे, वर तीन मजले, लिफ्ट नाही, अशा इमारतीत आम्ही 2008 पासून राहतो. एका गाळ्यात मिरची कांडप आहे. उन्हाळ्यात सगळं घर शिंकत जेवतं, आणि दुपारी मशीन सुरू झालं की मांडणीतली भांडी थरथरतात. कांडपवाला माणूस चांगला. आईची चटणी फुकट कांडून देतो, त्यामुळं भांडताही येत नाही. बाबांचे गुडघे गेलेत, तीन जिने होत नाहीत. शामरावनगरात एक बैठं घर बघितलंय. पुढं अंगण, मागं कढीपत्ता. आई तर मनानं तिथं राहायला गेलीसुद्धा. जागा गुंठेवारीतली आहे, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेली. घ्यावं का?

कुपवाडकर:
दादा, मी फ्लॅट सोडून बंगल्यात आलो त्याला सहा वर्षं झाली. सुख आहे, खोटं कशाला बोलू. पण फ्लॅटमध्ये मोटर जळली की वर्गणीत दोनशे जायचे. इथं मोटर माझी, प्लंबर माझा, आणि तो फोन उचलत नाही तो ताप पण माझाच. चार दिवस गावाला जायचं म्हटलं तरी घराकडं बघायला कुणाला तरी गळ घालावी लागते.

निवृत्त_कारकून:
कढीपत्ता नंतर. आधी गुंठेवारी नियमितीकरणाचं प्रमाणपत्र बघा. 2001 च्या कायद्यानं असे तुकडे नियमित करता येतात, आपोआप होत नाहीत. अर्ज करून शुल्क भरावं लागतं. "सगळ्या गल्लीचं असंच आहे" हा कागद नव्हे!
तुमच्या फ्लॅटचंही बघा. सोसायटी आहे की अपार्टमेंट? 1970 च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असेल, तर घोषणापत्र नोंदलंय का आणि तुमच्या नावाचं डीड, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा दस्त, झालंय का? झालं असेल तर खालच्या जमिनीत तुमचा अविभक्त हिस्सा आहे. सोसायटी असेल तर कन्व्हेयन्स विचारा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का ते. कागद अर्धवट असले की गिऱ्हाईक पहिल्यांदा भाव पाडतं. चाळीस वर्षं हेच बघत आलोय.

सांगलवाडीची_सून:
2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. आमचं बैठं घर, वर पत्रा. आम्ही सात माणसं आणि एक शेळी शेजारच्या अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर. शेळी जिन्यात. कुणी एका शब्दानं बोललं नाही, उलट चहा आला. 2021 ला परत तेच. तुमच्या त्या घराला स्लॅब आहे का? वर जायला जिना आहे का? एवढं विचारा.

गावभाग_तिसरा_मजला:
ताई, काका, काल बाबांना घेऊन परत गेलो. स्लॅब आहे, जिना नाही. प्रमाणपत्र "काढून देतो" म्हणाले. बाबा आत आलेच नाहीत, कंपाउंडपाशीच थांबले. भिंतीला नवा रंग, पण छातीपर्यंतच, वर जुनाच. मालकांना विचारलं तर म्हणाले, रंग संपला. येताना रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, कढीपत्ता कुंडीत लागतो का रे?