मराठी उपासनेत मंडळी गातच नाही: सूर, ठेका आणि गीतं कशी ठरवावीत?

चौथा_रविवार (बडोदे)

सर्वांना सलाम. आमच्याकडे दर महिन्याच्या चौथ्या रविवारी दुपारी ४ वाजता मराठी उपासना असते, बाकीचे रविवार गुजराती. हजेरी ६०-७०. गीतं मी निवडते. साथीला पेटी, तबला आणि एक गिटार. तबला काळी १ ला (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या सुराला) लावलेला आहे, म्हणून सगळी गीतं काळी १ मध्येच होतात. 'उपासना संगीत' हे पुस्तक आहे, शिवाय पाश्चात्त्य चालींवरची काही भाषांतरित गीतं.

अडचणी तीन. एक, काही गीतांत ध्रुपद (दर कडव्यानंतर परत येणारी ओळ) नुसतं पुटपुटलं जातं, तर काहींत अंतरा आला की पुढच्या बाकावरच्या दोघीतिघी सोडून सगळे गप्प होतात. दोन, भाषांतरित गीतांत तबला आणि शब्द पहिल्या ओळीपासूनच एकमेकांना सोडून जातात. तीन, उत्तम शुक्रवारची, येशूने क्रुसावरून उच्चारलेल्या सात वचनांची उपासना यंदा मराठी मंडळीकडे आहे, १२ ते ३. सात गीतं कोणत्या हिशेबाने घ्यावीत? गुजराती माध्यमातली मुलं देवनागरी सावकाश वाचतात, तेही लक्षात घ्यावं लागतं.

पेटी_आणि_भाता

ताई, गीतं बदलण्याआधी सूर बदलून बघा. पुटपुटणं आणि गप्प होणं, दोन्हींचं मूळ एकच आहे. काळी १ हा एकट्या गायकाच्या सोयीचा सूर. मंडळीला षड्ज (सा) कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं. चालीतला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर गळ्यातून निघतो की नाही, एवढंच तिला कळतं.

न शिकलेल्या गळ्यांची मिळून सोयीची पट्टी साधारण खालच्या पांढरी ६ पासून वरच्या पांढरी २ पर्यंत धरा. स्त्रिया या पट्टीत, पुरुष तीच पट्टी एक सप्तक खाली. याच्या पलीकडे वर गेलात की आधी वयस्कर आवाज सुटतात, मग पुरुष. खाली गेलात की आवाज बंद होत नाही, नुसता विरतो. तेच तुमचं पुटपुटणं.

प्रत्येक गीताची चाल एकदा पेटीवर वाजवा आणि पुस्तकात गीताच्या क्रमांकाशेजारी पेन्सिलीने दोनच सूर लिहा, सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा. मग षड्ज ठरवा:

मध्य सा ते तार (वरच्या सप्तकातला) सा एवढीच चाल असेल तर काळी १ उत्तम, काही बदलू नका. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) प पासून मध्य प पर्यंत फिरणारी चाल (भजनी चालीतली बरीच गीतं अशी असतात) काळी १ मध्ये काळी ४ पर्यंत खाली उतरते, तिथे कोणाचा आवाज लागत नाही. ती काळी ३ मध्ये घ्या, म्हणजे चाल काळी १ ते काळी १ अशी बसते. मंद्र नी ते तार ग एवढी चाल काळी ५ मध्ये नेमकी पट्टीत बसते.

आणि सा पासून तार प पर्यंत जाणारी चाल? ती मंडळीची नाहीच. कुठलाही षड्ज धरा, एक टोक पट्टीबाहेर राहतंच. अशा गीताचा अंतरा एकट्याने म्हणावा आणि मंडळीने फक्त ध्रुपद धरावं. त्यात कमीपणा नाही, कीर्तनाला बसलेल्या माणसाला ही रीत ठाऊकच आहे.

आता पेटी वाजवणाऱ्या भावांना एक विनंती. सुरुवातीला गीताची पहिली ओळ जशीच्या तशी, त्याच लयीत वाजवा, आलाप नको. दोन कडव्यांमधला तुकडा प्रत्येक वेळी तोच आणि तेवढाच ठेवा: केरवा तालात ८ मात्रांचं एक आवर्तन, दादऱ्यात ६-६ ची दोन. हा तुकडा दर वेळी नवा झाला की लोकांना कुठे उचलायचं ते कळत नाही. मग पुढाकार घेणारा एकटा सुरू करतो आणि बाकीचे दुसऱ्या ओळीला येऊन मिळतात. गाणं सुरू झालं की चालीचे मूळ सूरच वाजवा, हरकती (जास्तीचे नक्षीदार सूर) टाळा. मागच्या बाकावर शब्द ऐकू येत नाहीत, पेटी ऐकू येते, आणि तिथले लोक पेटीच्या मागे जातात.

गिटारने पेटीशी जुळवायचं, मोबाइलच्या ट्यूनरशी नाही. जुन्या पेटीचे सूर प्रमाणापासून थोडे सरकलेले असतात आणि पेटीचे सूर ऐन वेळी बदलता येत नाहीत, तारा बदलता येतात. काळी १ साठी कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर आणि सी चे आकार, काळी ४ साठी तिथेच जी चे, काळी ५ साठी तिथेच ए चे. फक्त काळी ३ साठी कॅपो चौथ्या फ्रेटवर आणि डी चे आकार.

धा_धी_ना

वरच्या उत्तरात तबल्याचं राहिलं. सूर बदलला तरी तबला बदलायची गरज नाही. काळी १ ला लावलेला तबला काळी १ च्या गीतात षड्ज देतो, काळी ३ च्या गीतात तोच सूर पंचम होतो आणि काळी ४ मध्ये मध्यम. तिन्हींत तो गोड लागतो. एकच खबरदारी, भूप रागासारख्या चालीत मध्यम वर्ज्य असतो, ती काळी ४ मध्ये घेतली तर प्रत्येक 'ना' टोचेल. काळी ५ च्या गीतात काळी १ हा कोमल गांधार होतो, तिथे तबला बंद ठेवा. गिटार आणि झांज पुरे.

दुपारी ४ ची उपासना म्हणजे तबला ३ लाच सभागृहात आणून ठेवा. कोरड्या उन्हाने पुडी (तबल्याचं कातडं) ताणते आणि सूर चढतो, पावसाळ्यात दमटपणाने उतरतो. घरी मिळवून आणलेला तबला पंख्याखाली वेगळाच बोलतो.

आता भाषांतरित गीतं. शब्द आणि ठेका सुटण्याचं कारण बहुतेक वेळा हे: कित्येक पाश्चात्त्य चाली समेवर (ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर) सुरू होत नाहीत, पहिलं अक्षर समेच्या आधी येतं. तीन ठोक्यांची चाल दादऱ्यात बसवली तर पहिलं अक्षर सहाव्या मात्रेवर पडतं आणि 'धा' दुसऱ्या अक्षरावर. वादकाने सवयीने पहिल्याच अक्षरावर 'धा' मारला की सगळं गीत एक मात्रा सरकतं आणि शेवटपर्यंत सरकलेलंच राहतं. उपाय सोपा आहे. ठेका आधी सुरू करायचा, 'धा धी ना धा ती' पर्यंत मोजायचं आणि सहाव्या 'ना' वर गाणाऱ्यांनी उचलायचं. गीताच्या कागदावर 'धा' ज्या अक्षरावर येतो त्याखाली फुली करा. चार गीतांत फुल्या केल्या की हात आपोआप थांबायला शिकतो.

चार ठोक्यांच्या चालीला केरवा चालतो, पण लग्ग्या (जलद, खेळकर बोल) नकोत. प्रार्थनेच्या आधीच्या गीतात तर मुळीच नकोत.

शब्दांचंही बघा. ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर आला की 'प्रभु तुझी' चं 'प्रभु तुऽझी' होतं, कानाला खटकतं आणि लोक थबकतात. लांब सूर शेजारच्या दीर्घ अक्षरावर सरकवा, इथे 'झी' वर. आणि शेवटी 'अ' येणारे शब्द, देव, प्रेम, नाम, यांचं शेवटचं अक्षर स्पष्ट म्हणायचं की नाही ते सरावात एकदाच ठरवून टाका. अर्धे 'देव्' आणि अर्धे 'देवऽ' म्हणाले तर ओळीचा शेवट विस्कटतो. ओवी-अभंगाच्या मोडणीत रचलेल्या मूळ मराठी गीतांत ही कटकट फारशी येत नाही, म्हणून नव्या लोकांसाठी आधी तीच घ्यावीत.

झावळ्या_ते_ईस्टर

उत्तम शुक्रवारचा हिशेब घड्याळाने करा. १८० मिनिटं, सात भाग, म्हणजे प्रत्येकाला २५ मिनिटांच्या आसपास. त्यात शास्त्रवाचन, मनन, प्रार्थना, शांतता. गीताला ५ मिनिटांहून जास्त मिळत नाहीत. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली, तर १६ मात्रांच्या चार ओळी ४८ सेकंद आणि दोनदा ध्रुपद २४ सेकंद. एक कडवं ७२ सेकंद, चार कडवी पावणेपाच मिनिटं. लय ५० वर उतरली की त्याच गीताला साडेसात मिनिटांच्या वर लागतात. सात गीतांत मिळून वीस मिनिटं जातात, आणि ती पाळकसाहेबांच्या मननातून कापली जातात. म्हणून चारच कडवी, आणि कोणती ते आधी छापून द्या.

सातही गीतं संथ आणि रडवेली घेऊ नका. वचनांचे भाव वेगळे आहेत. पहिलं क्षमेचं, दुसरं चोराला दिलेल्या वचनाचं, तिथे आशा आहे. जोगिया रागासारखी करुण चाल चौथ्या वचनासाठी राखून ठेवा, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' तिच्याआधी तीन दुःखी चाली झाल्या असतील तर इथे काही उरत नाही. पाचवं, 'मला तहान लागली आहे', हे इतकं लहान आहे की तिथे गीताऐवजी दोन ओळींचं आवर्तन पुरे. सातव्यानंतर गीत संपलं की पेटी बंद, भाता मिटलेला, शांततेत बाहेर पडणं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात 'हालेलूया' असलेली गीतं बाजूला ठेवायची रीत बऱ्याच मंडळ्यांत आहे. पाळा. ईस्टरच्या सकाळी तो शब्द परत आला की लहान मुलांनाही कळतं काहीतरी झालंय.

वाद्यांशिवाय गाणार असाल तर मंडळी चार कडव्यांत अर्धा ते एक सूर खाली घसरते. दर कडव्याआधी पेटीवर नुसता षड्ज द्या.

चौथा_रविवार

दादा, ताई, खूप आभार. १४ गीतांचे खालचे-वरचे सूर लिहून झाले. त्यातली सहा काळी ३ ची निघाली, तीही बरोबर पुटपुटली जाणारीच. आणखी एक विचारते. प्रभुभोजनाच्या वेळी लोक रांगेत असतात, हातात पुस्तक नसतं. तिथे काय घ्यावं?

पेटी_आणि_भाता

पुस्तक लागणारं काहीच घेऊ नका. दोन ओळींचं ध्रुपद, चाल पाच-सहा सुरांत फिरणारी. एकाने ओळ म्हणायची, मंडळीने तीच परत म्हणायची. देवनागरी सावकाश वाचणाऱ्या मुलांचीही इथे सोय होते. ६०-७० जणांना १० ते १२ मिनिटं लागतील, म्हणून अशी तीन ध्रुपदं एकाच षड्जात तयार ठेवा, म्हणजे मध्ये पेटी थांबवून सूर शोधावा लागणार नाही. शेवटचा माणूस जागेवर पोचला की चालू ओळ पूर्ण करा आणि तिथेच थांबा.