ऑफिसच्या लॅपटॉपवर लिनक्स हवंय, आयटीवाले "सपोर्टेड नाही" म्हणतायत

काळी_खिडकी:
नमस्कार मंडळी. घरी सात-आठ वर्षं लिनक्सच वापरतोय, आधी उबुंटू, मग फेडोरा (दोन्ही लिनक्सचेच प्रकार), आता हात इतका बसलाय की विंडोजवर आलो की डाव्या हाताने सही केल्यासारखं वाटतं. नवीन कंपनीने दिलेला लॅपटॉप विंडोज ११ चा आहे, इंट्यूनमधे (कंपनीची मशीन दुरून सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) एनरोल केलेला, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एनक्रिप्शन) चालू, बायोसला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगना) पासवर्ड, ॲडमिन राइट्स नाहीत. काम सगळं बॅकएंडचं, कोड शेवटी चालतो लिनक्स सर्व्हरवर, म्हणजे दिवसभर विंडोजवर बसून लिनक्ससाठी लिहायचं. तिकीट टाकलं तर एका ओळीचं उत्तर आलं, "सपोर्टेड नाही", आणि तिकीट क्लोज.

आता डोक्यात तीन गोष्टी आहेत. यूएसबीवरून बूट (बायोस लॉक आहे पण एक सहकारी म्हणतो जमतं), नाहीतर ड्युअल बूट (विंडोजशेजारीच लिनक्स), नाहीतर सरळ स्वतःचा लॅपटॉप आणायचा. कोणी केलंय का? प्रोबेशन चालू आहे, नोकरीवर बेतेल असलं काही नकोय.

रात्रपाळी:
यूएसबी विसर. बायोसला पासवर्ड आहे म्हणजे कोणीतरी मुद्दाम दार लावलंय, आणि लावलेलं दार ढकलून आत शिरायचं तेही प्रोबेशनमधे, पकडला गेलास तर सांगणार काय? तो सहकारी येणारे का तुझ्या बाजूने बोलायला?

ड्युअल बूटचं माझ्याकडून ऐक. मागच्या कंपनीत मला तोंडी परवानगी होती, "कर काय करायचं ते, पण आम्हाला विचारू नको" छापाची. पार्टिशन लहान केलं, फेडोरा टाकलं, रीस्टार्ट मारला आणि समोर निळा स्क्रीन, ४८ अंकी रिकव्हरी की टाका. बिटलॉकरची किल्ली टीपीएम चिपच्या ताब्यात असते आणि बूटचा मार्ग बदललाय असं दिसलं की चिप किल्ली सोडत नाही, हे मला तेव्हा कळलं. आधी बिटलॉकर सस्पेंड करायला हवं होतं पण त्यालाही ॲडमिनच लागतो. की आयटीकडे, आयटी तिकिटावर, आणि दिवस शुक्रवार संध्याकाळ. सोमवारी दुपारपर्यंत सगळ्या मीटिंगा फोनवरून केल्या आणि कॅमेरा का बंद आहे याची दर वेळी वेगळी कारणं दिली.

किल्लीवाली:
मी टेबलाच्या पलीकडची, आयटीवाली, हे "सपोर्टेड नाही" मी स्वतः कितीतरी वेळा टाइप केलंय 🙂 त्याचा अर्थ लिनक्स वाईट असा नसतो रे. उद्या तुझा लॅपटॉप कुठे राहून गेला तर डिस्क एनक्रिप्टेड होती का, पॅच लागलेले होते का, हे मला ऑडिटवाल्यांना स्क्रीनवर दाखवता यायला लागतं आणि तू स्वतः टाकलेल्या मशीनचं मी काहीच दाखवू शकत नाही. सर्व्हर लिनक्सवर चालतात की मग, असं प्रत्येक जण म्हणतो, पण सर्व्हर कोणी बॅगेत घालून घरी नेत नाही.

आता खरी गोष्ट. इंट्यून २०२२ च्या ऑक्टोबरपासून लिनक्स डेस्कटॉप एनरोल करून घेतं, पण उबुंटूच्या एलटीएस (वर्षानुवर्षं अपडेट मिळणाऱ्या) आवृत्त्या आणि नंतर आलेलं रेड हॅट लिनक्स एवढंच, तुझं फेडोरा त्यात नाही. आणि विंडोजवर जसं आम्ही हवं ते ॲप, हवी ती पॉलिसी बसल्या जागेवरून ढकलतो तसं तिथे होत नाही, मुख्यतः तपासणी होते, आवृत्ती कोणती, पासवर्ड कसा, डिस्क एनक्रिप्टेड आहे की नाही, वर हवी असेल तर आमची स्वतःची स्क्रिप्ट. बाकी सगळं अँसिबल नाहीतर लँडस्केप (अनेक लिनक्स मशीन एकदम सांभाळायची टूल्स) लावून करायचं, म्हणजे आमच्यातल्या कोणीतरी ते शिकायचं आणि सांभाळायचं. ऑफिसच्या लॉगिनमागच्या साइट्ससाठी एज ब्राउझर लागतो, हो, लिनक्सवर एज, नाक मुरडू नकोस.

दोन ठिकाणी लोक हमखास आपटतात. एक, लक्स, म्हणजे लिनक्सचं डिस्क एनक्रिप्शन, इन्स्टॉल करतानाच टिक करायचं असतं. नंतर आठवलं तर व्यवहारात पुसून पुन्हा टाकणं हाच मार्ग, आणि तोवर माणसाने महिनाभराचं सेटिंग लावून ठेवलेलं असतं. दुसरं, सिक्युरिटी एजंट, मशीनवर नजर ठेवणारा कंपनीचा प्रोग्रॅम. त्यांची चालणाऱ्या कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) यादी ठरलेली असते, तू उत्साहाने नवा कर्नल घेतलास की एजंट अर्धवट झोपतो आणि माझ्याकडे लाल दिवा लागतो.

मागायचं कसं ते सांगते. "मला लिनक्स हवंय" असं तिकीट टाकू नको. टीममधले चार-पाच जण गोळा कर, मॅनेजरकडून येऊ दे, आणि लिहून दे की एलटीएसच चालेल, लक्स चालेल, तुमचा एजंट चालेल, रूट (ॲडमिनचा) पासवर्ड नसला तरी चालेल. एका माणसासाठी बिल्ड (तयार सेटअप) बनवायला मला वेळ काढता येत नाही, पाच जणांसाठी काढता येतो. आणि स्वतःचा लॅपटॉप हा तिन्हींत सगळ्यात वाईट पर्याय आहे, कंपनीचा कोड त्यावर आला की उद्या काही झाल्यावर तुझ्या खाजगी डिस्कची तपासणी व्हायला लागते.

मुक्तछंद:
सगळीकडे बहाणेच. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने २००५ च्या सुमारास आधी ओपनऑफिस आणलं, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि लोकांना त्यांची सवय झाल्यावर २००८ पासून खालची विंडोज काढून उबुंटू घातलं. हजारो मशीन आहेत, पोलिसांची आहेत, तिथे सिक्युरिटी नाही का? इच्छा पाहिजे.

किल्लीवाली:
@मुक्तछंद इच्छा वरून पाहिजे, हेच तर म्हणतेय. म्युनिक महापालिकेनेही २०१३ पर्यंत १५ हजारांच्या आसपास पीसी लिनक्सवर नेले होते आणि २०१७ मधे परत विंडोजवर जायचा ठराव झाला. तंत्र तेच होतं, वरची माणसं बदलली. काळी_खिडकीच्या हातात दोन्ही नाही.

वर्तुळाकार:
आमच्याकडे रीतसर परवानगीने उबुंटू आहे, तीन वर्षं झाली, म्हणून मिळाल्यानंतर काय होतं ते सांगतो, कारण मिळेपर्यंतच सगळे बोलतात. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला सर्टिफिकेटने (साइट खरी आहे हे सांगणारा डिजिटल दाखला). कंपनीचा प्रॉक्सी (इंटरनेटच्या वाटेवरचा मधला सर्व्हर) सगळं एचटीटीपीएस उघडून तपासतो आणि आपलं सर्टिफिकेट लावून पुढे पाठवतो. विंडोजवर ते रूट सर्टिफिकेट पॉलिसीतून गुपचूप येऊन बसतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. इथे मी ते सिस्टिमच्या स्टोअरमधे टाकलं, गिट चालायला लागलं, खूश झालो. मग फायरफॉक्स रुसला, त्याचं स्टोअर वेगळं. मग जावा, तिचं वेगळं. मग पायथनच्या रिक्वेस्ट्स, त्या सर्टिफाय नावाच्या पॅकेजमधली यादी बघतात. आणि हे सगळं झाल्यावर डॉकर (प्रोग्रॅम डबाबंद इमेजमधून चालवायचं टूल), तिथे प्रत्येक इमेजच्या आत पुन्हा पहिल्यापासून. एका सहकाऱ्याने वैतागून कोडमधे व्हेरिफाय फॉल्स (म्हणजे सर्टिफिकेट तपासूच नको) लिहून टाकलं, ते रिव्ह्यूमधे सापडलं आणि मग आमच्या सगळ्यांचेच लिनक्स लॅपटॉप पंधरा दिवस चर्चेचा विषय होते.

बाकी किरकोळ. टीम्सचं लिनक्स ॲप २०२२ च्या शेवटी बंद केलं, ब्राउझरमधलं वापरतो, बरं चालतं. व्हीपीएनला ओपनकनेक्ट. एक्सेलच्या मॅक्रोवाल्या शीट मात्र लिब्रेऑफिसमधे उघडतात छान आणि बटण दाबलं की गप्प, त्यासाठी रिमोट विंडोज दिलीय.

पण तू अजून डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच चालणारं लिनक्स) का मागितलं नाहीस? तुझ्या कामाला नव्वद टक्के तेवढंच पुरेल. फक्त कोड सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून चालवू नको, रखडतं, लिनक्सच्या होममधेच ठेव.

काळी_खिडकी:
आठवडाभराने परत आलो. यूएसबीवाल्याला नाही म्हटलं. डब्ल्यूएसएलचं तिकीट टाकलं, दोन दिवसांत मिळालं, विशेष म्हणजे त्याच माणसाने दिलं ज्याने आधीचं एका ओळीत बंद केलं होतं. टर्मिनल फुल स्क्रीन केला की विंडोज दिसतच नाही 😄 टीममधे अजून तिघं निघाले लिनक्सवाले, मॅनेजर म्हणतो लिहून द्या, पुढच्या क्वार्टरला बघू. एकच अडचण, व्हीपीएन लावला की डब्ल्यूएसएलमधे ऑफिसच्या सर्व्हरचं एकही नाव रिझॉल्व्ह होत नाही (नावावरून पत्ता सापडत नाही), आयपी टाकला तरी पोचत नाही.

वर्तुळाकार:
डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमधे नेटवर्किंग मोड मिरर्ड (विंडोजसारखंच नेटवर्क) कर आणि डीएनएस टनेलिंग (नावं विंडोजमार्फत शोधणं) चालू आहे ना बघ. मग डब्ल्यूएसएल शटडाउन करून परत उघड, नुसती खिडकी बंद करून होत नाही.

काळी_खिडकी:
खिडकीच बंद करत होतो 🙈 झालं चालू.