मदत हवी आहे: शिळावर्तुळांची हद्द कशी आखायची?

नागपूर जिल्ह्यात गायरानावर लोहयुगीन दफनांची शिळावर्तुळं, म्हणजे दफनाभोवती गोल रचलेले मोठे धोंडे, आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या संरक्षित वर्तुळांसारखीच, पण असंरक्षित. काही धोंड्यांवर वाटीसारखे कोरीव खळगेही आहेत. कडेचे धोंडे बांधाला गेले तर निदान दिसतं तरी; खरी नासाडी मधल्या भरावाची. जेसीबीनं मुरूम उपसला की खालची मडकी, लोखंडी अवजारं, अस्थी कुठल्या थरात होत्या हेच कळत नाही. मग धोंडे पुन्हा गोल रचून काय उपयोग?

गट नंबर, सातबारा, प्रत्येक वर्तुळाचा व्यास, जीपीएस, मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो तयार आहेत. जागा संरक्षित जाहीर करण्याचा प्रस्ताव राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे, प्राचीन स्मारकांच्या 1960 च्या राज्य कायद्याखाली द्यायचाय. हद्द वर्तुळागणिक दाखवावी की मधल्या मोकळ्या जागेसह सलग? अधिसूचना निघेपर्यंत मुरुमाचं खोदकाम थांबवायला अर्ज तहसीलदारांकडे की थेट जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे? मंजूर प्रस्तावाचा नकाशा कुणाकडे असेल तर कृपया टाका.