पॉवर कॉर्डवर रॉक वाजवायचंय, सुरुवात कुठून करू? (ठाणे)

कासारवडवलीकर
नमस्कार मंडळी. घरी अकूस्टिक गिटार आहे. ओपन कॉर्ड येतात, चार हिंदी गाणी निभावून नेतो. पण एफचा बारे कॉर्ड (एका आडव्या बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) काही केल्या लागत नाही, दोन तारा कायम ठप्प. ऑफिसातला एकजण म्हणतो, रॉकच वाजवायचंय तर बारेच्या नादी कशाला लागतोस, पॉवर कॉर्ड शीक, दोन बोटांचं काम. खरंच इतकं सोपंय? इलेक्ट्रिक घ्यावीच लागेल का? (वन बीएचके, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ.) आणि घोडबंदर पट्ट्यात कोणी शिकवतं का? ग्रेड परीक्षा वगैरे नकोत.

जुना_डिस्टॉर्शन
सोपं आहे हो, पण डाव्या हातापुरतं. मूळ स्वर, त्याचा पाचवा आणि हवा तर वरच्या सप्तकातला तोच मूळ स्वर, संपला ऐवज. तर्जनी सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेले घर), अनामिका पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला, करंगळी चौथ्या तारेवर पाचव्यालाच. झाला जी. हाच आकार उचलून पहिल्या फ्रेटला नेलात की तुम्हाला छळणारा एफ, पाचव्याला ए, आठव्याला सी. पाचव्या तारेवरून धरलात तर तिसऱ्याला सी, पाचव्याला डी. म्हणून या दोन जाड तारांवरचे स्वर पाठच करा.

खरी मेहनत न वाजणाऱ्या तारांवर आहे. तर्जनीचं टोक तार दाबतंय, पण उरलेलं बोट आडवं, सैल, बारीक तारांना नुसतं टेकलेलं हवं. पाचव्या तारेवरून वाजवताना त्याच बोटाचं टोक सहावीला किंचित भिडू द्या. अकूस्टिकवर यातला ढिसाळपणा खपून जातो. डिस्टॉर्शन (आवाज फाटका, करकरीत करणारा इफेक्ट) लावलं की एक मोकळी राहिलेली तार सगळ्याचा विचका करते.

गाणं हवं असेल तर रामोन्स बँडचं १९७६ सालचं 'ब्लिट्झक्रीग बॉप' घ्या. ए, डी, ई एवढ्यात बहुतेक उरकतं. स्ट्रोक मात्र सगळे खालीच. मूळ लयीत वाजवून बघा, मनगट बोलायला लागतं.

पेटीवाली_नौपाडा
गिटारचा गंध नाही, पण हे तर सा-प-सा झालं! तंबोराच की.

जुना_डिस्टॉर्शन
अगदी. गंधारच नाही, म्हणून हा मेजरही नाही आणि मायनरही नाही. डिस्टॉर्शन दोन स्वरांच्या मिश्रणातून आणखी स्वर उपजवतं. सा-पच्या कंपनांचं प्रमाण २:३ असल्याने ते उपजलेले स्वर जुळून येतात. गंधार घातलात की गढूळ.

पेटीवाली_नौपाडा
आणि आमच्याकडे तंबोऱ्यातून गंधार आपोआप उमटला की लोक माना डोलावतात! असो, चालू द्या.

सीवूड्स_लोकल
शेजाऱ्यांच्या बाळासाठी उलट इलेक्ट्रिकच बरी. अ‍ॅम्पविना ती अकूस्टिकपेक्षा कितीतरी हळू वाजते, आणि हेडफोनचा चिमुकला अ‍ॅम्प थेट गिटारच्या जॅकमध्ये बसतो. पण लगेच पैसे घालू नका. तुमच्या गिटारला बहुधा बाराच्या (जाडीचा नंबर) तारा असतील, दहाचा बारीक सेट चढवा, बोटं दुवा देतील.

पुढे जुनी इलेक्ट्रिक घ्यायची झालीच तर सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला एकदम दाबून मध्ये सातव्या-आठव्यापाशी बघा. कागद सरकेल एवढी फट असावी. जास्त असेल तर नेक (गिटारची मान) वाकलेली, अजिबात नसेल तर तार खरखरणार. नेकमधला रॉड फिरवून बऱ्याचदा जमतं, पण भाव करताना बोलायला बरं. नवी घ्यायची तर धोबी तलावला जाऊन हातात धरूनच घ्या. आणि संध्याकाळच्या लोकलने गिटार घेऊन ठाण्यात उतरायचं धाडस करू नका.

राममारुती_रोड
क्लास गल्लोगल्ली आहेत. एक ट्रायल मागा आणि सरांना सांगा, पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून दबका आवाज काढणं) करून दाखवा. त्यांनी आधी गिटार उचलली तर बसा, आधी फीचा कागद काढला तर उठा.

कासारवडवलीकर
सगळ्यांचे आभार. दहाच्या तारा चढवल्या, जी-सी-डी फिरवतोय. पाम म्यूटचा मात्र नुसता 'ठक' आवाज येतो, स्वरच नाही.

जुना_डिस्टॉर्शन
हात पुढे सरकलाय. करंगळीच्या बाजूची तळहाताची कड नेमकी ब्रिजवर (तारा खाली जिथे टेकतात ती पट्टी) ठेवा, अर्धी ब्रिजवर, अर्धी तारांवर. मग केसभर पुढे-मागे करत बसा. 'धुम्' असा जाड स्वर मिळाला की ती जागा तुमची.

सीवूड्स_लोकल
सहावी तार ईवरून डीला उतरवा की, ड्रॉप डी! पॉवर कॉर्ड एका बोटात.

जुना_डिस्टॉर्शन
नंतर. सहावीवरचे पाठ केलेले सगळे स्वर दोन फ्रेट सरकतात, आत्ताच गोंधळ नको.

कासारवडवलीकर
कड ब्रिजवर ठेवली, जमलं! शनिवारी सकाळी धोबी तलावला नुसता बघायला जातोय. ठाण्याहून कोणी येणार असेल तर व्यनि करा.