जुनी स्टार ट्रेक (१९६६ ची) मुलांबरोबर बघावी का? वयं ७ आणि ११

दुर्बीण
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मुलगा ७ चा, मुलगी ११ ची, दोघांनाही अवकाशाचं भयंकर वेड. हल्लीचं जे काही लावावं त्यात दर दोन मिनिटांनी स्फोट आणि डोकं उठेल इतका आवाज, म्हणून म्हटलं जुनी स्टार ट्रेक लावू, ती अवकाशयानाची अमेरिकन मालिका, कॅप्टन कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉयवाली. मी लहानपणी बाबांच्या शेजारी बसून बघायचे, त्यातलं आठवतंय ते फक्त दरवाजे उघडण्याचा आवाज आणि स्पॉकचे कान. पण त्या आठवणीत काहीतरी शांत, चांगलं आहे एवढं नक्की.

मला सगळं क्रमाने बघायची सवय, त्यामुळे मागच्या शनिवारी प्रसारित झालेला पहिला भाग लावला, 'द मॅन ट्रॅप'. आणि तिथेच घोळ झाला. त्यात एक प्राणी असतो जो माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेतो आणि कुणाचंही रूप घेऊ शकतो. तो मॅकॉयच्या जुन्या मैत्रिणीचं रूप घेऊन येतो, आणि शेवटी मॅकॉयलाच तिच्यावर शस्त्र चालवावं लागतं. मुलगी म्हणाली ठीक होता. मुलगा दोन रात्री नीट झोपला नाही. तो राक्षसाबद्दल एक शब्द बोलला नाही, फक्त माझा हात धरून विचारत होता, "आई, तू खरंच तूच आहेस ना?" मला अगदी कसंतरी झालं.

नवरा म्हणतो बंद कर, मोठे झाल्यावर बघतील. मला मात्र वाटतंय की चूक मालिकेची नाही, माझ्या निवडीची झाली. ज्यांनी मुलांबरोबर बघितलीये त्यांनी प्लीज सांगा, कुठून सुरू करू आणि काय वगळू?

अर्धा_चंद्र
ताई, बंद करू नका. तुमचा अंदाज बरोबर आहे, सुरुवातच चुकीच्या भागाने झाली. ८ सप्टेंबर १९६६ ला तो आधी दाखवला गेला इतकंच, बनवला आधी नव्हता, आणि या मालिकेत क्रमाला तसा काही अर्थच नाही. ३ सीझन, ७९ भाग, एक जोडभाग सोडला तर प्रत्येक गोष्ट स्वतंत्र. कुठूनही उचला.

मी दोन पुतण्यांबरोबर जवळजवळ सगळी बघितली आणि एक गोष्ट पक्की लक्षात आली. लहान मुलं रबरी राक्षसाला घाबरत नाहीत. 'अरीना' मधला तो गॉर्न, सरड्यासारखा, त्याला बघून दोघं लोळून हसले. पण ओळखीचं माणूस अचानक अनोळखी वागायला लागलं की गारठतात, तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न नेमका तोच आहे. म्हणून ७ वर्षांच्या मुलासाठी भाग निवडताना राक्षस आहे का ते बघू नका, कुणी रूप बदलतंय का, कुणाच्या मनावर ताबा घेतला जातोय का, ते बघा. त्या हिशोबाने 'चार्ली एक्स' तर मुळीच नको. अमर्याद शक्ती असलेला १७ वर्षांचा मुलगा, राग आला की माणसं गायब करतो, एका बाईचा तर चेहराच पुसून टाकतो, डोळे नाक तोंड काही नाही, नुसती त्वचा. ते दृश्य मोठ्यांच्याही डोक्यातून जात नाही.

पहिला भाग म्हणून 'द कॉर्बोमाइट मॅनूव्हर' लावा. एक प्रचंड यान एंटरप्राइजला, म्हणजे कर्कच्या यानाला, अडवतं, पडद्यावर बेलॉक नावाच्या परग्रहवासीयाचा भीतिदायक चेहरा येतो, तो धमक्या देतो, घड्याळ उलटं चालू. कर्क लढत नाही, बिनधास्त थाप मारतो. आणि मग आत जाऊन बघतात तर तो चेहरा म्हणजे बाहुली, खरा बेलॉक लहान मुलासारखा दिसणारा, एकटेपणाला कंटाळलेला, पाहुण्यांना प्यायला देणारा! ते काम करणारा क्लिंट हॉवर्ड तेव्हा खरोखर ७ वर्षांचा होता, तुमच्या मुलाला हे आधी सांगू नका, भाग संपल्यावर सांगा. एकच काळजी घ्या, बऱ्याच भागांच्या शेवटी नावं येतात तेव्हा तोच बाहुलीचा चेहरा दाखवतात, आधी कल्पना असू द्या.

मग 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' (१९६७), केसाळ गोळ्यांसारखे प्राणी, जन्मतःच गरोदर, खातात आणि वाढतात, खातात आणि वाढतात, शेवटी धान्याचं कोठार उघडतात आणि ते सगळे कर्कच्या डोक्यावर. त्यानंतर 'द डेव्हिल इन द डार्क'. माझ्या मते संपूर्ण मालिकेतला सगळ्यात चांगला भाग हाच.

कोरा_कागद
मी थोडं वेगळं सांगणारे, राग मानू नका दादा. तुम्ही ७ वर्षांच्या मुलाचाच विचार केलात, ११ वर्षांच्या मुलीचं काय?

मी माझ्या मुलीबरोबर बघायला घेतली तेव्हा ती १२ ची होती. 'द एनिमी विदिन' मध्ये यंत्रातल्या बिघाडामुळे कर्कचे दोन कर्क होतात, एक चांगला एक वाईट, आणि तो वाईट कर्क यानावरच काम करणाऱ्या जॅनिस रँडच्या खोलीत जाऊन तिच्यावर जबरदस्ती करायला बघतो. ती झटापट करून सुटते. पण नंतर तिला कर्कसमोरच बसवून काय झालं ते सांगायला लावतात, आणि शेवटी स्पॉक तिला त्याबद्दल जे बोलतो ते ऐकून मी रिमोट शोधायला लागले. मुलीने विचारलं, "तिला कुणी सॉरी का म्हणत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ३ जून १९६९ ला दाखवलेला शेवटचा भाग 'टर्नअबाउट इंट्रूडर', त्याचा तर पायाच असा की एका बाईला कॅप्टन होता येत नाही म्हणून ती कर्कचं शरीर बळकावते. आणि गंमत नाही, वाईट याचं वाटतं की मालिकेच्या अगदी पहिल्या नमुना भागात यानावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाईच होती, मग ते पात्रच काढून टाकलं.

म्हणजे बघू नका असं मी म्हणत नाहीये. आम्ही बघितली, पण मी प्रत्येक भाग आदल्या रात्री स्वतः बघायचे आणि सोबत बसायचे. मुलांना लावून देऊन स्वयंपाकघरात जायची ही मालिका नाही. आणि उहुरा या पात्राबद्दल मुलीला नक्की सांगा. १९६६ साली अमेरिकन टीव्हीवर एक कृष्णवर्णीय बाई अधिकारी म्हणून यानाच्या मुख्य कक्षात बसते, ही त्या वेळी केवढी गोष्ट होती! ते काम करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या सीझननंतर सोडायला निघाल्या होत्या, त्या स्वतःच सांगायच्या की मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून थांबवलं. तिला बघून मोठी झालेली मे जेमिसन १९९२ मध्ये खरंच अवकाशात गेली. माझ्या मुलीला हे सांगितल्यावर ती उहुरा बोलायला लागली की आवाज वाढवायची.

अर्धा_चंद्र
राग कसला, तुमचं म्हणणं १०० टक्के बरोबर आहे. मी पुतण्यांबरोबर बघितली त्यामुळे ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. 'एनिमी विदिन' मी त्यांनाही दाखवायला नको होता, आता पटतंय.

पावसाळी_दुपार
छोटं सांगते. ७ वर्षांच्या मुलाला ५० मिनिटं फार होतात, मधे लोक बोलतच बसतात. १९७३-७४ ची कार्टून मालिका आहे ना, तीच पात्रं, बहुतेक तेच कलाकार आवाजाला, २२ भाग, प्रत्येकी साधारण २४ मिनिटं. मुलांच्या मालिकेसाठीचं एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं अमेरिकन बक्षीस, मिळालंय १९७५ मध्ये. चित्रं फार हलत नाहीत पण गोष्टी छान आहेत. फक्त 'यस्टरयीअर' मध्ये लहानग्या स्पॉकचा पाळीव प्राणी मरतो. आमच्याकडे अर्धा तास रडारड, पण नंतर त्यावरच सगळ्यात जास्त गप्पा झाल्या. घरात म्हातारं कुत्रं-मांजर असेल तर आधी विचार करा.

जुनी_वही
मी शाळेत शिकवते, मुलांबरोबर गोष्टींवर बोलणं हे रोजचं काम, म्हणून लिहावंसं वाटलं. 'डेव्हिल इन द डार्क' बद्दल दोन शब्द, कारण तो मीही पहिल्या पाचात ठेवेन पण ७ वर्षांच्या मुलाला तसाच लावू नये.

गोष्ट अशी की खाणीत एक प्राणी कामगारांना मारतोय, ५० हून जास्त मेलेत, अंधारे बोगदे, किंकाळी, माणूस जळून जातो (प्रेत दाखवत नाहीत पण कळतं). पहिला अर्धा भाग खरंच भीतीचा. मग स्पॉक त्या जखमी प्राण्याच्या अंगाला हात लावून त्याचं मन वाचतो आणि कळतं की तो प्राणी, म्हणजे हॉर्टा, ही आई आहे, आणि खाणवाले जे गोल दगड फोडून फेकत होते ती तिची अंडी होती. मी मुलांना सांगायचे की यातला राक्षस शेवटी राक्षस नसतो, आता तुम्ही ओळखा का ते. एवढं सांगितलं की मुलं घाबरायचं सोडून शोधायला लागतात, एकाने तर अर्ध्यातच "ते गोल गोल दगड!!" असं ओरडून सांगितलं. गोष्ट फुटेल याची मला पर्वा नसते, लहान मुलाला शेवट माहीत असला तर तो जास्त मजेत बघतो. अर्धा_चंद्र म्हणतात बेलॉकचं आधी सांगू नका, मी मात्र या मुलाला आत्ता सांगेन, कारण तो आत्ताच एकदा घाबरलाय.

'अरीना' सुद्धा तसाच. कर्क गंधक, सोरा आणि कोळसा गोळा करून तोफ बनवतो, मुलांना तेवढंच दिसतं, पण नंतर विचारा की त्याने शेवटी गॉर्नला का मारलं नाही. गॉर्नच्या बाजूने बघितलं तर माणसंच त्यांच्या हद्दीत घुसली होती! ११ वर्षांच्या मुलीला 'लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड' एकटीला दाखवा, अर्धा चेहरा काळा अर्धा पांढरा असलेले दोघं एकमेकांचा जीव घ्यायला निघालेत आणि बाकी कुणालाच कळत नाही की दोघांत फरक काय. फरक असा की एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. भाग म्हणून तो फार सरळसोट आहे, मोठ्यांना ढोबळ वाटेल, पण त्या वयात ढोबळच चालतं. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' अजून दोन वर्षं ठेवा. एका चांगल्या बाईला मरू द्यावं लागतं आणि ते बरोबर असतं, हे पचायला वेळ लागतो.

दुर्बीण
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री 'कॉर्बोमाइट' बघितला म्हणून लगेच लिहितेय. जुनी_वही ताईंचं ऐकलं, मुलाला आधीच सांगितलं की तो हिरवट चेहरा बाहुली आहे आणि आत कोण आहे ते शेवटी दिसेल. पूर्ण भागभर तो बहिणीला धमकावत होता, "मला माहितीये, मी सांगणार नाही." बाहुलीचा चेहरा आला तेव्हा माझ्या मांडीवर सरकला हे खरं, पण डोळे मिटले नाहीत. मधे दोनदा कंटाळला, ५० मिनिटांबद्दल पावसाळी_दुपार म्हणतात ते बरोबर, आम्ही मधे पाच मिनिटं थांबवून पाणी वगैरे प्यायलो.

मग आज सकाळी त्याचा हट्ट म्हणून अजून एक भाग लावला, आणि शेवटी नावं येताना तोच चेहरा आला. मी पटकन त्याच्याकडे बघितलं. तो पडद्याला म्हणाला, "ये ना बाहेर, आम्हाला माहितीये तू छोटा आहेस."

'एनिमी विदिन' मी एकटीने बघितला. कोरा_कागद ताई, तो शेवट ऐकून मीही थक्क झाले, तो भाग आमच्याकडे बंद. मुलीला उहुराचं आणि जेमिसनचं सांगितलंय, तिला आता उहुराचे सगळे भाग हवेत. रविवारी ट्रिबल्स, नवराही बसणारे. हॉर्टाचं मी त्या दिवशी जेवताना सांगेन आधी.