बी.आर्कला पाच वर्षं नक्की शिकवतात काय?

देवगडचा_कंत्राटदार:
आमचं चेडू बारावी सायन्सला आहे. आर्किटेक्चरला जायचं म्हणते, नाटाचा, म्हणजे त्याच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास लावा म्हणून मागे लागलंय. मी घरं बांधायची कंत्राटं घेतो, जांभ्याच्या चिऱ्याचीही आणि स्लॅबचीही. आमच्याकडे डिप्लोमावाला नकाशा काढून देतो, परवानगी आली की काम सुरू. मुंबईचा आर्किटेक्ट एकदाच बघितला. पांढरे बूट घालून साइटवर आला, ‘लूक’ बिघडतो म्हणून छप्पर भिंतीच्या बाहेर फूटभर कमी काढायला लावलं आणि गेला. पहिल्याच पावसात भिंत भिजली, शिव्या मला. हे शिकायला पाच वर्षं? चित्रकला शिकवतात की बांधकाम? शिकलेलं कोणी असेल तर खरं सांगा.

चौथं_वर्ष_चालू:
काका, मुख्य विषय जागरण. बाकीचं सबमिशनच्या आदल्या रात्री आपोआप येतं.

पडवीतली_आर्किटेक्ट:
मी गुहागरला प्रॅक्टिस करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चित्रकला पहिल्या वर्षी जास्त दिसते, आणि बघणारे तिथेच थांबतात. जवळजवळ प्रत्येक सेमिस्टरला मानगुटीवर बसतो तो डिझाइन स्टुडिओ. एक जागा देतात, कोणासाठी काय बांधायचं ते सांगतात. सुरुवातीला छोटं घर, मग शाळा, दवाखाना, पुढे अख्खी वसाहत. तुम्ही काढायचं, सरांनी त्यावर पेन फिरवायचं, पुन्हा काढायचं. शेवटी ज्युरी. भिंतीवर शीटा, टेबलावर मॉडेल, समोर बाहेरून बोलावलेले आर्किटेक्ट. ही खिडकी इथे का? जिना पश्चिमेला का? ‘छान दिसतं म्हणून’ म्हटलं की संपलात. माझ्या मते पदवीचा निम्मा अर्थ या उलटतपासणीत आहे. तुमचे पांढरे बूटवाले तिथून कसे सुटले कोण जाणे.

बांधकाम हा वेगळा विषय, तोही वर्षानुवर्षं चालतो. पाया, चौकट, जिना, छपराची कैची, सगळं मापात काढायचं, आणि पाणी कुठून आत शिरेल ते छेद घेऊन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी काढून, दाखवायचं. स्ट्रक्चरचं गणित सिव्हिलवाल्यांइतकं खोल नसतं, पण आपल्याकडे गजाला कव्हर, म्हणजे त्याच्यावरचा काँक्रीटचा थर, जास्त का लागतं हे कळण्याइतकं असतं. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ४५ मिमी कव्हर आणि किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट सांगितलंय. खारी हवा गज खाते हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. शिवाय प्लंबिंग-वायरिंग, एस्टिमेट, सर्व्हे, इतिहास. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, ते कसं, हे मी त्या इतिहासाच्या तासालाच शिकले.

क्लायमेटॉलॉजी, म्हणजे हवामानाचा विषय, मात्र मुलीला मन लावून करायला सांगा. दमट हवेत जाड भिंतीपेक्षा आरपार वारा आणि सावली जास्त कामाची, हे तिथे कळतं. आम्हाला एक जुनं घर मोजून काढायचं होतं. आमच्या गटाने दापोलीजवळच्या मुरूडमधलं कौलारू घर घेतलं. खळ्यातून ओटीवर जोतं किती चढतं, वाशांचा उतार किती, पडवीची पागोळी इतकी खाली का की वाकून आत शिरावं लागतं. सगळं टेप लावून मोजलं. छेद काढला तेव्हा कागदावर दिसलं की तिरपा पाऊस पडवीतच अडतो, मातीच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. तुमची फूटभर पागोळी, काका, हा रीतसर अभ्यासक्रमातला मुद्दा आहे.

शिकवत नाहीत ते: गवंड्याशी बोलणं, आणि चिरा. आमच्या नोट्समध्ये जांभ्याला अर्धं पान होतं. खाणीतून निघताना मऊ असतो, हवेवर कडक होतो, पुढचा दगड. ते तिला तुमच्याकडून मिळेल.

चिपळूणचा_सिव्हिल:
सगळं बरोबर ताई, पण गावात फी कोण देतो? २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर जोतं किती उचलायचं हे लोक मला विचारत होते, आर्किटेक्टला नाही. चार वर्षांत सिव्हिल करून मुलगी कामाला लागेल.

पडवीतली_आर्किटेक्ट:
फीचं खरं आहे. सुरुवातीला पगार हसण्यासारखा असतो, गावात तर नकाशा फुकट मिळतो अशीच समजूत. पण जोतं उचलल्यावर आजी पायऱ्या कशा चढणार, हेही कोणीतरी बघायला हवं ना? आणि सिव्हिल करून आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. १९७२ च्या कायद्याने त्याला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते.

देवगडचा_कंत्राटदार:
छेदाचं पटलं. शेवटी साइटवर पाठवतात की नाही?

पडवीतली_आर्किटेक्ट:
आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेनिंग असतं, साइट त्यातच येते. मग पाचव्या वर्षी थिसिस, विषय आपला आपण निवडायचा. प्रवेशाआधी कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का बघा, नाहीतर पुढे नोंदणीच होणार नाही. बारावीचं गणित सोडू देऊ नका. क्लासपेक्षा तिला महिनाभर तुमच्या साइटवर वही घेऊन बसवा, जे दिसेल ते काढू दे.

देवगडचा_कंत्राटदार:
तिला वाचून दाखवलं. साइटवर येते म्हणाली, पण क्लास पायजेच.