वादळातून सावरणाऱ्या बेटांवर आपलं आपण फिरायला जावं का? (फिलिपिन्स)

खाडीकाठ

जून २०२५ पासून भारतीयांना फिलिपिन्समध्ये १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, त्यामुळे ओळखीतल्या बऱ्याच जणांनी बेत आखले होते. नोव्हेंबरात तिनो वादळाच्या पुरानं तिथल्या सेबू बेटावर हाहाकार उडाला आणि त्यातल्या काहींनी तिकिटं रद्द केली. कारण विचारलं तर एकच उत्तर : "तिथली माणसं संकटात असताना आपण मजा करायला कसं जायचं?" भावना समजते, पण मला हा निर्णय पटत नाही, म्हणून हा धागा.

मी ज्या भागाबद्दल बोलतोय तो मिंडानाओ या दक्षिणेकडच्या मोठ्या बेटाच्या ईशान्य टोकाचा. १६ डिसेंबर २०२१ रोजी ओडेट वादळ (बाहेरच्या जगात त्याला राय म्हणतात) सियारगाव बेटावर जनरल लुना इथं धडकलं. तिथून दिनागात, दक्षिण लेते, बोहोल, सेबू, नेग्रोस करत पलावानपर्यंत, असं एकूण नऊ ठिकाणी ते जमिनीवर चढलं. चारशेहून अधिक माणसं गेली, वीस लाखांवर घरांची पडझड झाली. सियारगावला क्लाउड नाइन ही सर्फिंगवाल्यांची प्रसिद्ध लाट आहे. तिथला लाकडी धक्का मोडल्याचे फोटो जगभर फिरले, मदत आली, पैसा आला, पाहुणे परतले. मी २०२३ मध्ये गेलो तेव्हा जनरल लुनात रात्री टेबल मिळायला थांबावं लागत होतं.

शेजारच्या दिनागातवर त्याच दुपारी तेच वादळ गेलं होतं. तिथं अजून छपरांवर ताडपत्र्या होत्या. स्वतंत्र प्रांत असूनही तिथं टूरवाले फारसे जात नाहीत. नारळ हे तिथलं एटीएम. कोप्रा (सुकं खोबरं) विकायचा आणि मुलांच्या फिया भरायच्या. आडवा झालेला माड परत लावला तरी फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. बांका, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेल्या होड्या, फुटल्या की मासेमारीही थांबते. मग रोख पैसा यायचा कुठून? मिंडानाओवरच्या सुरिगाव बंदरातून सकाळच्या बांकेनं दिनागातच्या सान होसेला उतरणारा, कारिंदेरियात (साध्या खानावळीत) भात-मासळी जेवणारा, सारी-सारी म्हणजे गावातल्या किराणा दुकानाच्या माडीवर खोली घेणारा, हबल-हबलच्या (भाड्याच्या) मोटरसायकलवर मागे बसून हिंडणारा माणूस देतो तो पैसा मधे कुणाकडे न अडकता त्याच गावात पडतो. पॅकेजवाला हे करत नाही, कारण हॉटेल उभं राहिल्याशिवाय तो येतच नाही. म्हणून माझं म्हणणं : अशा बेटांवर जावं, आणि आपलं आपणच जावं.

इंजिनरूम

मी जहाजावर सेकंड इंजिनियर आहे. माझ्या खात्यातली निम्मी माणसं फिलिपिनो असतात. ओडेट आलं तेव्हा आमचा ऑइलर (इंजिनाची देखभाल करणारा खलाशी) सुरिगावचा होता. बायकोचा फोन लागत नव्हता. तो वॉच (पाळी) संपला की मेसरूममध्ये फोन समोर ठेवून बसायचा, जेवण तसंच पडून राहायचं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फिरण्याचा नाही.

खाडीकाठ, तुम्ही पैसा कुठं पडतो ते सांगितलंत, माणूस काय वापरतो ते सांगितलं नाहीत. बेटावर पेट्रोल पिंपातून येतं, प्यायचं पाणी बाटल्यांतून येतं, आणि हे सगळं तुम्ही ज्या बांकेत बसता तिच्यातूनच येतं. पत्रे, सिमेंट, खिळेही तिच्यातूनच. तुमच्या बुडाखालची जागा कुणाच्या तरी छपराची आहे. गंजका खिळा पायात गेला किंवा मोटरसायकलवरून पडलात, तर बेटावरच्या छोट्या आरोग्य केंद्रातला एकमेव डॉक्टर तुमच्यातच अडकून पडणार. पैसाच पोचवायचा असेल तर पाठवता येतो. आमच्या जहाजावर वर्गणी काढून पाठवला होता, त्यासाठी कुणाला तिथं जावं लागलं नाही.

मृण्मयी_एमडी

त्या डिसेंबरात मी सेबूला मेडिकलला होते. (महाराष्ट्रातली बरीच मुलं तिथं आणि दावावला शिकायला असतात, हे इथं अनेकांना ठाऊक असेल.) वादळाची रात्र वाईट होतीच, पण नंतरचे दिवस जास्त वाईट होते. वीज नाही, म्हणून पंप बंद आणि नळ कोरडे. पाणी भरून देणाऱ्या दुकानांपुढे निळे कॅन घेऊन तासन् तास रांगा. एटीएम बंद, पेट्रोलला रांग, फोन चार्ज करायला रांग. त्या दिवसांत कुणी हौशी पाहुणा रांगेत दिसला असता तर मला संताप आला असता. इथवर मी इंजिनरूम यांच्या बाजूनं आहे.

पण "जाऊच नका" हे मला मान्य नाही. माझी घरमालकीण ओस्लोबकडची होती, म्हणजे सेबूच्या दक्षिणेकडच्या पर्यटकांच्या गावाची. वादळानंतर काही महिन्यांनी तिच्या घरात काळजी होती ती गिऱ्हाईक नसल्याची. पाणी, वीज आली होती, माणसं आली नव्हती. खाडीकाठ यांनी एक गोष्ट मात्र धाग्यात लिहायला हवी होती. मोडक्या घरापुढे पोरांना उभं करून फोटो काढू नका. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या पोरांची आई बाजूला तोंड फिरवून उभी होती तेही पाहिलंय. तुम्ही खोलीचे पैसे देता, त्यांच्या दुःखाचे नाही.

सुपारीवाली

आमची दिवेआगरला वाडी आहे आणि चार खोल्यांचा घरगुती राहण्याचा व्यवसाय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी काही तासांत काड्यांसारख्या मोडून पडल्या. नुकसानभरपाई किती मिळाली आणि कशी, त्यात जात नाही. पोफळीलाही फळ धरायला माडाइतकीच वर्षं लागतात, त्यामुळे खाडीकाठ यांनी दिनागातचं लिहिलंय ते मला कुणी समजावून सांगायला नको.

आमच्याकडे तेव्हा टाळेबंदी होती, म्हणजे इंजिनरूम म्हणतात तसं आपोआपच घडलं, एकही पाहुणा नाही. त्याचा आम्हाला काहीएक फायदा झाला नाही. कौलं कर्ज काढून घातली. पहिलं कुटुंब राहायला आलं तेव्हा वाडी उघडीबोडकी होती, दुपारची सावली नव्हती. मी त्यांना फोनवर आधीच सांगितलं होतं, तरी आले. मागितलं ते भाडं दिलं, घासाघीस केली नाही. वर्गणीचे पैसे आले असते तर मी घेतलेही असते, नाही म्हणत नाही. पण चार माणसांना रांधून वाढून मिळवलेले पैसे घेताना मान वर राहते.

इंजिनरूम

सुपारीवाली ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, दिवेआगरला रस्ता आहे. पुण्याचा माणूस डिकीत पाण्याचा बॉक्स टाकून येतो, आजारी पडला तर त्याच गाडीनं माणगावला जातो. दिनागातला समुद्र खवळला की सगळं बंद. तुमचा अनुभव खरा आहे, पण तो तिथं जसाच्या तसा लागू होत नाही.

खाडीकाठ

इंजिनरूम, बेट आणि रस्त्याचं गाव यातला फरक महत्त्वाचा आहे, आणि पहिल्या आठवड्यांपुरतं तुमचं सगळं मान्य. तेव्हा जाणाऱ्याला मी स्वतः अडवीन. पण बांकेचा हिशेब पुढे उलटा होतो. मदतीचा ओघ ओसरला, पत्रे येऊन पडले, की होडी रिकामी जायला लागते. होडीवाल्याचं डिझेल सुटत नाही. मग तो दिवसाच्या दोन फेऱ्यांची एक करतो, पुढे दिवसाआड करतो. दुसऱ्या फेरीला पाच-सहा भाडी मिळाली तर त्याच फेरीत सुरिगावच्या इस्पितळात जाणारी बाई जाते, बाजाराचा माल जातो. मला तिथल्या नाखव्यानं हेच सांगितलं. पैसे पाठवून होडीची फेरी चालू राहत नाही, उतारू लागतात.

कधी जावं याची माझी खूण शाळेची आहे. वादळात तिथं शाळाच निवारा होतात. वर्गांतून कुटुंबं घरी गेली आणि मुलं बाकांवर परतली, तर गाव पाहुण्याला जागा देऊ शकतं. फोन करून हे सरळ विचारता येतं, तिथली माणसं स्पष्ट सांगतात. याच न्यायानं सेबूच्या उत्तर भागाच्या बाबतीत मी आज "थांबा" म्हणेन. ३० सप्टेंबर २०२५ ला तिथल्या बोगो शहराजवळ ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. मलापास्कुआ आणि बांतायान या पर्यटकांच्या बेटांना जायचा रस्ता याच पट्ट्यातून जातो. तिथं भूकंपानं लोक तंबूत आलेले आणि वर पाच आठवड्यांनी तिनो. त्यांच्या जखमेवरून आपण सॅक घेऊन बीचवर जाणं मला जमणार नाही. पण म्हणून सगळा देश रद्द करायचा? सात हजारांवर बेटं आहेत.

मृण्मयी, फोटोंचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के.

डोंगरवेडा

वाद चालू राहू द्या, मला एक विचारायचंय. जानेवारीत सियारगाव करून तिथूनच पुढे दिनागात जमेल का? एकटाच आहे.

खाडीकाठ

जानेवारी नको. आपल्या डोक्यात जानेवारी म्हणजे कोरडा, पण सुरिगावच्या बाजूला डिसेंबर ते फेब्रुवारी हाच सगळ्यात जास्त पावसाचा काळ. ईशान्येचा वारा थेट अंगावर येतो. एप्रिल-मे बघा. सियारगावची फेरी दापा बंदरातून सुरिगावला येते, तिथून दुसऱ्या धक्क्यावरून दिनागातची बांका, तीही शक्यतो सकाळची धरा. दोन्ही एका दिवसात बसवू नका, सुरिगावला मुक्काम करा. वादळाचा इशारा लागला की तटरक्षक दल होड्या सोडत नाही, कुणाशी वाद घालून उपयोग नाही. परतीच्या विमानाआधी मोकळे दिवस ठेवा. रोख पेसो सुरिगावलाच काढून घ्या, आणि लहान नोटा. हजाराची नोट सारी-सारीत मोडत नाही.

सियारगावला वेळ असेल तर देल कार्मेनचं खारफुटीचं जंगल बघा. ओडेटमध्ये या झाडीनं लाटांचा जोर तोडला असं गावकरी सांगतात, आणि होडीतून आत गेलात की ते पटतं.

इंजिनरूम

माझं मत बदललेलं नाही. फेऱ्यांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, तो मी ऑइलरला विचारीन, सध्या तो दुसऱ्या जहाजावर आहे. पण डोंगरवेडा, जाणारच असाल तर आरोग्य केंद्रावर भार टाकू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन इथूनच घेऊन जा, जखमेचं सामान आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या सोबत ठेवा. मोटरसायकलचा अपघात धरणारा प्रवास विमा काढा, बऱ्याच पॉलिसींत तो वगळलेला असतो.

मृण्मयी_एमडी

आणि डेंग्यू. पुरानंतर साचलेलं पाणी असतं, दिवसाही डास चावतात. ताप आला तर ब्रुफेन घेऊ नका, फक्त पॅरासिटामॉल, आणि पहिल्या बांकेनं सुरिगावला या.